ओठ हलत होते का?

फ्लोराने काल गहू भिजत घातले. तीन दिवस ते पातेल्यात फुगत बसतील, मग वाटले जातील, पिळले जातील, आणि त्यांचा पांढराशुभ्र चीक नारळाच्या रसात पडून तासन् तास घोटला जाईल. घोटायचं काम माझं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हलव्यात माझी बढती काही झालेली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात एक आंबूस वास सुटतो. वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी आज सकाळी जिन्यात नाक वर करून विचारलं, "काका, ड्रेनेजचा प्रॉब्लेम आहे का?" म्हटलं, "नाही हो, आमचं नवं वर्ष येतंय."

त्यांचा चेहरा पाहून पुढचं सगळं सांगणं आलंच. हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं. मी पनवेलात मोटार शिकवतो, आणि शिकणाऱ्याला दुसऱ्या गिअरला गाडी जरा स्थिर झाली की प्रश्न पडतोच, "सर, बेंजामिन आपटेकर म्हणजे नक्की कोण?" तर आम्ही बेने इस्रायली. कोकणातले यहुदी. पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, इथे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक शनवार तेली म्हणाले. ज्या गावात राहिलो त्या गावाचं आडनाव घेतलं. आमचे आजे-पणजे पाताळगंगेच्या काठच्या आपट्याचे, म्हणून आपटेकर. दाराबाहेर 'आपटेकर मोटार ड्रायव्हिंग स्कूल' अशी पाटी आहे. ती वाचून किती गिऱ्हाईकं परस्पर परत गेली, याचा विचार मी करत नाही.

आमचे सण पंचांगातल्या चंद्राच्याच मागून चालतात. त्यामुळे सर्वपित्री झाली, गल्लीत घट बसले, की बहुतेक वर्षी आमच्याकडे नव्याचा सण. आणि त्यानंतर दहाव्या दिवशी, लोक सोनं वाटत असतात तेव्हा, आमची दारफाळणी. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि आदल्या संध्याकाळपासून या संध्याकाळपर्यंत वर्षभराची माफी मागायची. पूर्वी लोक खरंच घराची दारं मिटून बसत, म्हणून दारफाळणी. आता सगळे गल्लीच्या टोकाला, आमच्या कौलारू प्रार्थनाघरात जमतात. पिवळ्या भिंती, दोन पंखे, त्यातला एक नुसता फिरतो, वारा देत नाही.

गव्हाचा तो वास आला की मला इतर काही नाही, तो एक भाद्रपद आठवतो. आणि एझ्राकाकांची टकटक.

एझ्राकाका माझे सख्खे चुलते. नोकरी एसटीची, पनवेल डेपोत कंट्रोलर. खिडकीत बसून तीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. त्यांनी "पेण, वडखळ, अलिबाग" म्हटलं की फलाटावरची झोपलेली माणसं पिशव्या उचलायची, त्यात पुण्याला जाणारीही असायची. तोच आवाज शनिवारी आणि सणावारी प्रार्थनाघरात लागायचा. आमच्यात प्रार्थना चालवणाऱ्याला हझान म्हणतात. काकांनी त्याचं शिक्षण कुठे घेतलं नव्हतं, पगार नव्हता. त्यांच्या बापाचं ऐकून ते शिकले, आणि बाप त्याच्या बापाचं. आम्ही बाकीचे पुस्तक हातात धरून त्या आवाजाच्या मागे मागे जात असू, जसे डब्यातले उतारू इंजिनाची चौकशी न करता जातात.

त्या वर्षी श्रावणात काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षभराने थोडी कुजबुज येईल. काका घरी आले ते गळ्यात रुमाल आणि हातात पाटी-पेन्सिल घेऊन.

भाद्रपदातल्या पहिल्या रविवारी सगळे प्रार्थनाघराच्या ओसरीवर जमले. सगळे म्हणजे तरी किती? इस्रायलला गेलेले, ठाण्याला गेलेले आणि वर गेलेले वजा केले की सतरंजीचा अर्धा भाग रिकामाच राहिला. कुणीतरी म्हणालं, "या वर्षी सगळे ठाण्याला जाऊ. तिथे हझान आहेत, एसीही आहे." कुणी विरोध केला नाही. पण एकदा दारफाळणीला हे दार उघडलं नाही, तर पुढच्या वर्षी ते उघडायचं कारणच उरणार नाही, हे प्रत्येकाला कळत होतं. म्हणून तर सगळे चपलांकडे बघत होते.

काकांनी पाटीवर लिहिलं, "एक महिना द्या." आणि पाटी फिरवून माझ्याकडे धरली.

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

काकांच्या शाळेत आम्ही तिघं. मी, पन्नाशीचा, हिब्रू अक्षरं ओळखीची पण बोलणं-चालणं नसलेला. दुसरा रुबेन, खारघरला बेलपाड्याशेजारचे टॉवर विकतो, बोलण्यात कुणाला हार जाणार नाही, फक्त ते बोलणं चौरस फुटांत असतं. तिसरी हॅना, शाळेत पाचवीला शिकवते. आमच्याकडे समुदायापुढे उभं राहून प्रार्थना पुरुषच चालवतात, तेव्हा रुबेन म्हणाला, "हॅना कशाला?" काकांनी लिहिलं, "प्रार्थना म्हणणं हे चार आणे काम. आजाऱ्याकडे जाणं, मयताच्या घरी बसणं, एकट्या म्हातारीचं दार वाजवणं, हे बारा आणे. ते हॅना करेल. तू चार आण्यांचं बघ."

आवाज नसलेला माणूस गाणं कसं शिकवणार? मला वाटलं होतं, तीच आमची सुटका. काकांनी प्रत्येकाला एक दोनशे पानी वही दिली. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात तीन प्रश्न होते. आज कुणासाठी म्हटलंस? मन कुठे पळालं? कोण दिसलं नाही? प्रार्थना म्हणून झाली, कुणाकडे जाऊन आलो, की घरी येऊन अर्धं पान लिहायचं आणि रविवारी मोठ्याने वाचून दाखवायचं.

"चुका लिहायच्या ना?" मी विचारलं.

"चुका मला ऐकू येतात. तू तुला ऐकू आलास का ते लिही," काकांनी पाटीवर लिहिलं.

शिवाय टकटक. एसटीच्या घंटीचा नियम: दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चला. काका खुर्चीच्या हातावर पेन्सिलीने एकदा टक् करत, की मी गप्प. टक टक, की पुढे. पहिले पंधरा दिवस माझी गाडी डेपोच्या फाटकाबाहेर पडली नाही.

आमच्याकडे या महिन्यात पहाटे उठून क्षमेच्या प्रार्थना म्हणतात. गल्लीत गणपतीचा मांडव, त्यामुळे आमची क्षमा आणि त्यांची काकडआरती अशी एकाच वेळी देवाकडे जायची. अंधारात पांढरा शर्ट घालून निघालो की मांडवातली जागरणाची मंडळी हाक मारायची, "आपटेकर, चहा घेऊन जा!" चहा पिऊन माफी मागायला जरा बरं वाटायचं. गाडी शिकायला येणाऱ्यांशीही त्या महिन्यात मी फार गोड वागलो. एका बाईंनी तळ्याकाठी भाजीची हातगाडी आडवी केली तरी मी म्हटलं, "माझंही चुकलं." त्या बाई घाबरून दोन दिवस आल्या नाहीत.

रविवारचं वहीवाचन ही खरी सत्त्वपरीक्षा. रुबेनच्या वहीत लिहिलेलं असायचं, "मन कुठे पळालं? टू बीएचके, रोड टच, पार्टी लोणावळ्याची." काका त्यावर कधी रागावले नाहीत. खाली लिहीत, "परत कधी आलं?" बिचारा रुबेन पुढच्या आठवड्यात मन परत आल्याची वेळ टाकू लागला, गाड्यांच्या वेळापत्रकासारखी. महिन्याच्या शेवटी गाड्या बऱ्याच वेळेवर यायला लागल्या होत्या.

हॅनाने एकदा वाचलं. दवाखान्यात एका आजोबांकडे बसायला गेली होती. "मी तीन प्रार्थना म्हटल्या. प्रत्येक वेळी आजोबा हात वर करत होते. मला वाटलं, भक्तीने. मलाही भरून आलं, म्हणून मी चौथी म्हटली. मग नर्स आली आणि तिने पंखा कमी केला. आजोबा तेवढंच मागत होते." आम्ही हसून लोळलो. हसणं संपल्यावर हॅना म्हणाली, "काल परत गेले. आधी पंखा विचारला. मग ते स्वतःच म्हणाले, आता म्हण." काकांनी तिची वही दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली. मी घरी जाऊन फ्लोराला विचारलं, "तुला पंखा कमी हवाय का?" ती म्हणाली, "सत्तावीस वर्षांनी?" हे चुकून लिहिलं, तेव्हा तेवीस झाली होती. पण तक्रार सत्तावीसच्या तोलाचीच होती.

आता माझं. कष्टात मी कमी पडलो नाही, हे सांगितलं पाहिजे. काकांना आवाज नाही, मग उच्चार शिकायचे कुणाकडून? मी मोबाईलवर शोधलं. तिकडचे मोठमोठे हझान, झुळझुळीत झगे, मागे गायकांचा ताफा. गाडीत क्लच-ब्रेकच्या मधल्या वेळात तेच लावायचं. शिकणारी मुलं मान डोलवायची. घशातून काढायचे ते खरखरीत वर्ण मी असे घोटले की फ्लोराने आल्याचा काढा करून दिला. वीस दिवसांत मी तेल अवीवचा झालो.

आणि मिलकामावशींकडचा मलिदा आला. मिलकामावशी आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन ठरलं होतं आणि त्या मनातून भ्यायल्या होत्या. आमच्याकडे अशा वेळी मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, पाच फळं, वर गुलाबाची फुलं, असं ताट मांडायचं, आमच्या लाडक्या प्रेषिताची आठवण काढायची, आशीर्वाद म्हणायचे, आणि सगळ्यांनी ते खायचं. माझी पहिलीच गाडी, एकट्याने चालवायची. काका कोपऱ्यात बसले होते, हातात पेन्सिल नव्हती.

मी सुरू झालो तो थांबलोच नाही. एक उच्चार अडला नाही, एक ओळ गळली नाही. ताना घेतल्या. संपल्यावर दोन मिनिटं खोलीत शांतता होती. माझा समज झाला की लोक भारावलेत. घरी येऊन वहीत लिहिलं: "कुणासाठी म्हटलं? मिलकामावशींसाठी. मन कुठे पळालं? कुठेही नाही. कोण दिसलं नाही? सगळे होते. फर्स्ट क्लास झाला."

रविवारी काकांनी ते वाचलं. पेन्सिल उचलली आणि खाली एकच ओळ लिहिली.

"मिलकामावशींचे ओठ हलत होते का?"

मी ती ओळ मोठ्याने वाचली. मला आठवेना. ताट आठवत होतं, सफरचंदाच्या फोडी आठवत होत्या, माझा आवाज तर फारच छान आठवत होता. मावशींचा चेहरा नाही. ज्या बाईसाठी सगळं मांडलं, तिच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

ओसरी झाडत असलेली जनाबाई मधेच बोलली. जनाबाई आगरी, जवळच्याच गावची. तिच्या सासूपासून प्रार्थनाघराची झाडलोट आणि दिवाबत्ती त्यांच्याकडे. "कशी हलतील? बेनूदादा, तुमी बोललाव ता चांगला हाय, पन आपला नाय."

"आपला म्हणजे?"

"काका बोलायचं तवा मी भायेर लादी पुसताना बी बोलायची. तुमचा ऐकून माजा फडकाच थांबला."

माझा असा पाणउतारा आरटीओतही झाला नव्हता. त्या संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. त्या अंधारात चाचपडत उठल्या, खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, "मावशी, परवाचं कसं झालं?"

"छान म्हटलंस हो बाबा. अगदी रेडिओ लावल्यासारखं."

"खरं सांगा."

मावशी पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे जिथे 'आमेन' म्हणायचे ना, ती जागा मी शोधत होते. म्हटलं, तिथे त्यांच्या बरोबर आपणही म्हणू. तू कुठल्या रस्त्याने गेलास कोण जाणे, ती जागा आलीच नाही. आणि ताट उचलायची वेळ झाली."

मी शिकवतो तेव्हा माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात. काही शिक्षक ते दाबतच राहतात आणि शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण चालवतोय. बिचारा सुकाणू धरून नुसता बसलेला असतो. त्या मलिद्याला मी सगळ्यांच्या हातात सुकाणू देऊन चारही चाकं स्वतःकडे ठेवली होती. हे मी त्या रात्रीच्या पानावर लिहिलं, आणि काकांनी खाली काहीच लिहिलं नाही. नुसती दोन टिंबं काढली. टक टक.

मग खरं शिकणं सुरू झालं. मोबाईल फ्लोराच्या ताब्यात दिला. रोज सकाळी गाडीच्या आधी तासभर मिलकामावशींच्या ओट्यावर. त्यांना शब्द पाठ, पण मधल्या चाली विसरलेल्या. चाली जनाबाईला पाठ, शब्द एकही नाही. मावशी शब्द द्यायच्या, जनाबाई "हूं हूं" करत सूर द्यायची, आणि मी दोघींच्या मधे बसून दोन्ही जोडायचो. ते सूर तेल अवीवला कुणी ओळखले नसते. त्यात नांगर होता, होडी होती, आमच्या आज्यांच्या जात्यावरचं काहीतरी होतं. हिब्रू शब्द पाताळगंगेत बुचकळून काढल्यासारखे. एका जागी मी उगाच तान मारली तर जनाबाईने फडका आपटला. "परत रेडिओ!" ऑपरेशनला जायच्या दिवशी मावशींनी माझा हात धरला, ती आमेनची जागा आली, आणि आम्ही दोघं, खरं तर तिघं, तिथे एकदम पोहोचलो. कुणी पाहणारं नव्हतं. माझ्या वहीत त्या दिवशी पहिल्यांदा पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं होतं.

नव्याचा सण कसाबसा निभावला. काकांची एकेरी टक् मी सात वेळा ऐकली. हलवा मात्र उत्तम वळला होता. मग दहा दिवस उरले. मी हिंडलो, हॅना हिंडली, रुबेनने आपल्या गिऱ्हाइकांना करतो तसे फोन केले, "फक्त या, बघा, मग ठरवा." मी स्वतः शोफारही शिकून पाहिला. शोफार म्हणजे एडक्याचं शिंग, उपास सुटायच्या क्षणी ते फुंकतात. माझ्या फुंकरीने त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्यांचं कुत्रं आत गेलं. शिंग रुबेनकडे गेलं. फ्लॅट विकून विकून त्याची फुफ्फुसं आधीच तयार होती.

त्या वर्षी दारफाळणी दसऱ्यालाच आली. सकाळी प्रार्थनाघराकडे निघालो तर माझ्या शिकवणीच्या गाडीला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मी पांढऱ्यात, उपाशी, आणि माझी गाडी नवरीसारखी. जनाबाईने दार आधीच उघडून ठेवलं होतं, सगळ्या दिव्यांत तेल घातलं होतं. आमच्याकडे समुदायाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सात, आठ, नऊ. दहावे काका, डॉक्टरांचं न ऐकता, खुर्चीत. मग अकरावा, बारावा. ठाण्याचा एसी सोडून एक कुटुंब परत आलं होतं. मागे बायकांच्या बाजूला हॅना मिलकामावशींना हाताला धरून घेऊन आली. मावशींच्या डोळ्यांवर काळा चष्मा. जागेवर बसता बसता त्या म्हणाल्या, "अगंबाई, भिंती पिवळ्या आहेत होय!"

पूर्ण दिवस मी उभा होतो. दुपारी पायांना मुंग्या आल्या, जीभ टाळूला चिकटली. काका पेन्सिल हातात धरून होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी एकदाही टक् केलं नाही. शेवटची प्रार्थना आली. आकाशाची दारं मिटायच्या आधी आत काय टाकायचं ते टाकून घ्या, अशा घाईची, आर्जवाची ती प्रार्थना. बाहेर मिरवणुकीचे ढोल सुरू झाले होते, खिडकीच्या गजांतून तांबूस ऊन आत आलं होतं. मी दुसरं कडवं उचललं आणि माझा आवाज गेला.

बसला नाही, फुटला नाही. गेलाच. तोंड उघडं, आत नुसती हवा. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. एक क्षण मला काकांचा गळा माझ्या गळ्यात आल्यासारखा वाटला. संपलं, असं वाटलं. महिन्याची मेहनत, वह्या, आणि एवढ्या जवळ येऊन दार आपल्याच हातून लागणार. मी काकांकडे पाहिलं, ती एकेरी टक् ऐकायला.

त्याआधीच मागून एक म्हातारा, थरथरता आवाज आला. मिलकामावशी. आमच्याकडे मागच्या बाजूने कुणी प्रार्थना उचलत नाही, पण त्यांनी उचलली. मी सोडली त्या शब्दापासून, बरोबर त्या सुरात. मग हॅना. मग माझ्या उजवीकडचे सगळे. रुबेन, शिंग काखेत धरून. ठाण्याहून आलेलं कुटुंब पुस्तक न उघडता. दाराबाहेर पायरीवर जनाबाई "हूं हूं". पिवळ्या भिंतींत तो पाताळगंगेचा सूर असा भरला की बाहेरचे ढोल त्याला ठेका देतायत असं वाटलं. मी थांबलो होतो आणि प्रार्थना थांबली नव्हती. आमेनची जागा आली. कुणी चुकलं नाही.

मला काही काम नव्हतं, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. एकेका चेहऱ्याकडे. सगळ्यांचे ओठ हलत होते. खुर्चीत काकांचे ओठ हलत होते, आवाज नसलेले, प्रत्येक शब्दावर. आणि त्यांची पेन्सिल खुर्चीच्या हातावर पडली. टक टक.

रुबेनने शिंग तोंडाला लावलं. असा लांब, सरळ, वर आलेल्या चंद्रापर्यंत जाणारा आवाज निघाला की रस्त्यावरची मिरवणूक क्षणभर थांबली. कुणीतरी बाहेरून ओरडलं, "एक नंबर, शेठ!" आम्ही सगळे हसत, रडत एकमेकांच्या हातांना हात लावून आपली बोटं ओठांना लावत होतो. याला आमच्यात हातबोशी म्हणतात. ती वडीलधाऱ्यांपासून सुरू होते आणि बाकापासून बाकापर्यंत जाते. काकांनी माझे दोन्ही हात घेतले आणि सोडलेच नाहीत. जनाबाई आपट्याची पानं घेऊन आत आली. "बेनूदादा, सोना घ्या. तुमच्याच गावाचा हाय."

दुसऱ्या दिवशी काकांनी वही मागितली. सणाच्या दिवशी लिहायचं नसतं, म्हणून मी सकाळी लिहून नेली होती. पहिल्या दोन प्रश्नांवर पानभर होतं. तिसऱ्या प्रश्नापुढे, कोण दिसलं नाही, तिथे एकच अक्षर.

मी.

काकांनी ते वाचलं. खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण असं हसताना मी त्यांना आवाज होता तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पेन्सिल शोधली, सापडली नाही, म्हणून माझ्याच डोक्यावर बोटाने वाजवलं.

दोनदा.